प्रश्न विचारणारी माणसे

गुजरातमधल्या पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी ३९ मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या जवळजवळ ८० टक्के मुलांना रक्तक्षय आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे हे आकडे. त्यांवर योजना आखल्या जातात, अग्रलेख लिहिले जातात, प्रबंध तयार होतात. हे आकडे जन्मतात मात्र कुठल्याशा घराच्या ओट्यावर. तिथे एक मुलगी उंची मोजायची फळी मांडून बसलेली असते. बाळ रडत असते, आई गोंधळलेली असते, आजी ‘पोराला टोचता कशाला?’ म्हणून विचारत असते. बाळाचे पाय फळीवर सरळ धरले गेले का, टोचलेल्या बोटावरचा पहिला थेंब पुसला का, वय आई-बाळाच्या नोंदीच्या ममता कार्डावर पाहून लिहिले की आईच्या अंदाजाने, अशा बारीकसारीक गोष्टींवर त्या आकड्याचा खरेपणा ठरतो.

या मुलीला कोणी इन्व्हेस्टिगेटर म्हणते, कोणी फील्डवर्कर, कोणी संशोधन साहाय्यक. तिची नेमणूक बहुधा प्रकल्पापुरती असते. प्रशिक्षण कधी तीन आठवड्यांचे, कधी तीन दिवसांचे. छापून आलेल्या निबंधात तिचे नाव नसते. आभार मानलेच तर सगळ्यांचे मिळून एका ओळीत. आरोग्यसंशोधनाचा सारा डोलारा जिच्या नोंदीवर उभा राहतो, तिला शिकवायचे कसे आणि सांभाळायचे कसे, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यामागची भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकावी हे बरे. साहाय्यकाला मिळणारे शिक्षण आणि त्याला मिळणारा आधार हा संशोधनपद्धतीचाच भाग आहे. नमुना चुकीचा निवडला तर तो अभ्यास आपण मान्य करत नाही. साहाय्यक अर्धवट शिकलेला, घाबरलेला किंवा दमलेला असेल, तर तो दोषही तितक्याच गांभीर्याने मोजला पाहिजे.

हा विषय वडोदऱ्यातून मांडला जावा, याला कारण आहे. माणसांची नोंद करणे आणि त्या नोंदीवर कारभार चालवणे ही सवय या शहराला जुनी आहे. १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणाऱ्या सयाजीराव गायकवाडांच्या राज्यात जनगणनेचे तपशीलवार अहवाल निघत. देशात इतरत्र होते तसेच इथेही दारोदार फिरून माणसे मोजण्याचे काम मुख्यतः शाळामास्तर आणि गावकामगार करत. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. १९६० साली विक्रम साराभाईंनी वडोदऱ्यात ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप, म्हणजे ‘ओआरजी’, ही संस्था काढली. बाजारपेठेचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्या देशातल्या पहिल्या संस्थांपैकी ही एक. कुटुंबनियोजनाविषयीच्या अखिल भारतीय पाहण्याही तिने केल्या: पहिली १९७० साली, दुसरी १९८० साली. एकाच शब्दांत एकच प्रश्न, वेगवेगळ्या राज्यांत, वेगवेगळ्या भाषांत आणि हजारो घरांत विचारायचा, ही शिस्त या शहरात अशी रुजली. पुढे ‘कॉर्ट’सारख्या संस्थांनी तीच वाट रुंद केली.

विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत सुभद्रा शेषाद्री आणि तारा गोपालदास यांनी शाळकरी आणि त्याहून लहान मुलांना लोह दिल्यावर त्यांच्या आकलनशक्तीत काय फरक पडतो, याचा अभ्यास केला. १९८९ साली प्रसिद्ध झालेले ते काम आजही उद्धृत होते. रक्त तपासणे, गोळी खरोखर गिळली गेली याची खात्री करणे, मुलांच्या चाचण्या एकाच पद्धतीने घेणे ही कामे सरावलेल्या हातांवाचून होत नाहीत. १९८४ पासून काम करणाऱ्या ‘सहज’ या संस्थेने आणखी वेगळा रस्ता धरला. बाळंतपणात बाई का दगावली, याचा शोध तिने दवाखान्याच्या कागदांबरोबर घरच्यांच्या तोंडून, वस्तीच्या आठवणींतून घेतला. अशा कामात आकड्यांइतकेच ऐकण्यालाही महत्त्व येते.

वडोदऱ्याबाहेरचा इतिहास पाहिला, तर या कामातल्या खाचखळग्यांची जाणीव किती महागात मिळाली ते कळते. १९५०च्या दशकात पंजाबात खन्ना गावाच्या परिसरात हार्वर्डच्या संशोधकांनी संततिनियमनाचा मोठा प्रयोग केला. गोळ्या घेणाऱ्यांची संख्या नोंदींत भरघोस दिसत होती, जन्मदर मात्र हलेना. महमूद ममदानी यांनी १९७२ साली या प्रयोगावर पुस्तक लिहून कारण दाखवून दिले. दारी आलेल्या भल्या माणसांना ‘नाही’ कसे म्हणायचे, म्हणून लोक गोळ्या घेत होते; वापरत नव्हते. फिरणाऱ्या कार्यकर्त्यांनी जे ऐकले ते प्रामाणिकपणे लिहिले, पण उत्तरामागचा संकोच ओळखायला त्यांना कोणी शिकवले नव्हते. हा धडा आजच्या प्रत्येक प्रशिक्षणात शिकवावा असा आहे.

त्यानंतरच्या काळात पंजाबात कार्ल टेलर यांचे नारंगवाल आणि आजच्या बांगलादेशात मतलब ही केंद्रे उभी राहिली. मतलबमध्ये १९६६ पासून घरोघरचे जन्म, मृत्यू आणि स्थलांतर सतत नोंदले जात आहे. १९९० साली एका आंतरराष्ट्रीय आयोगाने हिशोब मांडला: जगातल्या अकाली मृत्यूंचा ९३ टक्के बोजा गरीब देशांवर, आणि आरोग्यसंशोधनावरच्या खर्चातला जेमतेम ५ टक्के भाग त्यांच्या प्रश्नांसाठी. गरीब देशांची स्वतःची संशोधनक्षमता वाढवा, असे आयोगाने बजावले. पुढच्या तीस वर्षांत बरेच काही झाले, पण क्षमता वाढवणे म्हणजे डॉक्टरांना आणि प्राध्यापकांना परदेशी शिष्यवृत्त्या देणे, असाच अर्थ बहुतेक ठिकाणी घेतला गेला. घरोघर फिरणारे साहाय्यक त्या हिशोबातून बाहेरच राहिले.

महाराष्ट्राने याला मोलाचे अपवाद दिले. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला आणि काटेकोर नोंदी ठेवायला शिकवले. ३९ गावांत ही सेवा दिली, ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी घटले. जगाने बाळे वाचवण्याची पद्धत उचलली, आणि ते योग्यच झाले. पण त्या नोंदींवर जगाने विश्वास का ठेवला, हेही पाहिले पाहिजे. जन्म-मृत्यूची नोंद गावात सतत होत असे आणि सुटलेले काही राहू नये म्हणून ठरावीक काळाने घरोघर फेरतपासणी होत असे. त्याच बळावर ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल सरकारी बालमृत्यूंच्या आकड्यांना आव्हान देऊ शकला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाची कथा वेगळी आहे. डॉ. बानू कोयाजींनी वढूत रुजवलेल्या ग्रामीण आरोग्यकार्यातून पुढे २२ गावांची कायमस्वरूपी नोंदव्यवस्था आकाराला आली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. गर्भ राहिल्याचे अगदी सुरुवातीला कळावे म्हणून कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारत. घरात सासू बसलेली असताना, महिन्यामागून महिना हाच प्रश्न विचारायचा आणि तरीही दार उघडे राहील असे वागायचे, हे कौशल्य कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही. वजनाने कमी, पण अंगात चरबी तुलनेने जास्त, असे भारतीय बाळाचे चित्र जगापुढे आले, त्याला या कार्यकर्त्यांची चिकाटी कारण आहे.

आज या क्षेत्रात ढोबळपणे चार घराणी दिसतात. पहिले घराणे पाहणीवाल्यांचे. पाचव्या कुटुंब पाहणीत देशभर सुमारे ६ लाख ३७ हजार घरे झाली. एवढा पसारा एकसारखेपणाशिवाय पेलत नाही. इथे साहाय्यकाने प्रश्न छापल्याप्रमाणेच वाचावा, उत्तर सुचवू नये, क्रम बदलू नये, यावर भर असतो. दुसरे घराणे जामखेडच्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या आणि गडचिरोलीच्या परंपरेचे. इथला साहाय्यक गावातलाच असतो, वर्षानुवर्षे शिकत राहतो आणि नोंदीबरोबर सेवाही देतो. तिसरे घराणे औषध-लशींच्या चाचण्यांचे. तिथे आंतरराष्ट्रीय नियमांची चौकट असते, २०१९ची भारतीय नियमावली असते, प्रत्येक खाडाखोडीवर सही आणि तारीख लागते. चौथे घराणे समाजशास्त्र आणि स्त्रीचळवळीतून आलेले. ‘सेहत’ या मुंबईच्या संस्थेच्या पुढाकाराने २००० साली आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक तत्त्वे तयार झाली, त्यांत संशोधक-गटातल्या माणसांच्या परस्परसंबंधांचाही विचार होता. हे घराणे विचारते: प्रश्न कोण कोणाला विचारते आहे, आणि त्यातून कोणाला काय मिळते?

या चार घराण्यांचे आपसात पटत नाही. पाहणीवाल्यांना गावचा साहाय्यक पक्षपाती वाटतो. गावात राहणाऱ्यांना पाहणीवाला उपरा वाटतो. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. शेजारणीला गर्भपाताबद्दल बाई सांगणार नाही, अनोळखी मुलीला कदाचित सांगेल. पण गावात तीन महिन्यांपूर्वी झालेला अर्भकमृत्यू अनोळखी मुलीला कोणी सांगणार नाही, शेजारणीला तो आधीच ठाऊक असतो. एका घराण्याचा विजय जाहीर करणे हे या पुस्तकाचे काम नाही. कुठल्या प्रश्नासाठी कुठला माणूस आणि कुठले शिक्षण योग्य, हे ठरवता यावे एवढा त्याचा हेतू आहे.

प्रशिक्षण म्हणजे प्रश्नावली वाचून दाखवणे, ही समजूत आधी सोडावी लागते. साहाय्यकांच्या चुकांना नियम असतात, आणि ते शिकवता येतात. वय विचारले की आकडे शून्यावर आणि पाचावर गर्दी करतात. पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलासाठी लांबलचक प्रश्नमाला भरायची असेल, तर काही मुले कागदावर पाच वर्षांची होऊन जातात. जगभरच्या पाहण्यांत हा प्रकार आढळला आहे. बोट जोराने दाबले तर रक्तात ऊतींतले पाणी मिसळते आणि हिमोग्लोबिन खोटे कमी दिसते. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवे ठेवून आणि दोघांनी मिळून मोजायची असते. एकट्याने उरकली की काही मिलिमीटर हातचे जातात. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात सगळे साहाय्यक तीच मुले पुन्हा पुन्हा मोजतात, मापांतला फरक पाहिला जातो आणि तो ठरलेल्या मर्यादेत येईपर्यंत कोणालाही गावात पाठवत नाहीत.

आपल्याकडच्या चालीरीतींचेही शिक्षण लागते. पहिले बाळंतपण माहेरी होते. मग ते मूल कोणत्या गावच्या नोंदीत धरायचे? नियम स्पष्ट नसेल, तर एकच मूल दोनदा मोजले जाते किंवा कुठेच मोजले जात नाही, आणि माहेरी जन्मून माहेरीच गेलेले मूल तर हमखास सुटते. दाहोद-छोटा उदेपूरकडची, तशीच नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याची कुटुंबे हंगामात मजुरीला बाहेर पडतात. घराला कुलूप दिसले की ‘घर बंद’ लिहून पुढे जाणारा साहाय्यक सगळ्यांत गरीब घरेच अभ्यासातून वगळत असतो. हे त्याला समजावून सांगितले, तर तो दिवाळी-होळीला पुन्हा येतो.

आता आधाराविषयी. भरलेल्या फॉर्मागणिक पैसे द्यायचे ठरवले, की खोटे फॉर्म आपणच मागवतो. रोजचे उद्दिष्ट अवास्तव ठेवले, की प्रश्न गाळले जातात. बायकांना रात्री उतरायला जागा नसेल, दिवसभर शौचालय मिळत नसेल, मे महिन्याच्या उन्हात सावलीचा विचार नसेल, तर दुपारनंतरच्या मुलाखती लहान होत जातात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा कामानिमित्त भेट दिलेल्या जागेला आणि संस्थेने दिलेल्या वाहनातल्या प्रवासालाही लागू होतो. पण किती प्रकल्प ही गोष्ट पहिल्या दिवशी साहाय्यकांना सांगतात? मेलेल्या मुलाच्या आईची मुलाखत घेऊन आलेल्या मुलीला संध्याकाळी कोणी ‘तू कशी आहेस?’ म्हणून विचारते का? स्त्रियांवरील हिंसाचाराच्या संशोधनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली दिलेल्या सूचनांत मुलाखत घेणाऱ्यांच्या मानसिक आधाराची तरतूद आवश्यक मानली आहे. आपल्या प्रस्तावांत त्यासाठी खर्चाचा रकाना अजूनही क्वचितच दिसतो.

आधार आणि शिक्षण दोन्ही तुटले की काय होते, हे वडोदरा जिल्ह्याने पाहिले आहे. २००९ साली ‘पाथ’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राज्य सरकारांच्या सहभागाने तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा या जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प राबवला. लस १० ते १४ वर्षांच्या मुलींना दिली जात होती. काही मुलींच्या मृत्यूच्या बातम्या आल्या आणि एप्रिल २०१०मध्ये तो थांबवण्यात आला. मृत्यूंचा लशीशी संबंध असल्याचे चौकशीत आढळले नाही, पण संमती घेण्याच्या पद्धतीत गंभीर त्रुटी निघाल्या. खम्ममच्या वसतिगृहांत तर पालकांच्या जागी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. २०१३ साली संसदेच्या स्थायी समितीने या प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. संमतिपत्राचा मसुदा मोठ्या शहरात, तज्ज्ञांच्या समितीपुढे मंजूर होतो. ती संमती प्रत्यक्षात घेतो उतरंडीतला सर्वांत खालचा माणूस, आणि लशीविषयी मुलीला आणि तिच्या आईला कसे समजवायचे, नकार आला तर तो कसा स्वीकारायचा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. वरच्यांना जबाबदार धरणे आवश्यकच आहे. तेवढेच आवश्यक आहे त्या खालच्या माणसाला ‘नाही’ ऐकून परत येण्याची मुभा देणे.

हे सारे आज निकडीचे झाले आहे. २०२१ची जनगणना पुढे गेली, त्यामुळे नमुना पाहण्यांवरचा भार वाढला. कागदाच्या जागी टॅब आला. मुलाखत किती मिनिटांत संपली आणि कुठे झाली, हे मुख्यालयात बसून दिसते. याचा फायदा मोठा आहे, पण ही नजर केवळ चोर पकडण्यासाठी वापरली, तर साहाय्यक अडचण सांगायचे थांबवतो. २०२० साली टाळेबंदीत फोनवर मुलाखती सुरू झाल्या. समोरचा चेहरा दिसत नसताना संकोच कसा ओळखायचा, हा नवा प्रश्न उभा राहिला. व्यक्तिगत विदासंरक्षणाचा कायदा २०२३ साली आला आणि लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी टॅब हातात घेतलेल्या मुलीपर्यंत पोचली. त्याच वेळी, भारतातल्या मृत्यूंच्या कारणांच्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने दाखवले आहे की डॉक्टर नसलेल्या सर्वेक्षकाने घरच्यांकडून ऐकून लिहिलेले अर्धे पानही किती मोलाचे असते. २००५ या एका वर्षात साप चावून सुमारे ४६ हजार माणसे दगावली, हे सरकारी कागदांत न उमटलेले सत्य त्या पानांतून बाहेर आले.

या संग्रहात प्रशिक्षक, पर्यवेक्षक आणि संशोधक यांच्याबरोबर प्रत्यक्ष फिरणारे साहाय्यकही लिहीत आहेत. हे हेतुपूर्वक केले आहे. मुलाखतीचे तंत्र, मोजमापाची शिस्त, संमती, पर्यवेक्षण, पगार आणि सुरक्षितता, मनाची काळजी, आणि श्रेय हे विषय त्यांनी आपापल्या अनुभवातून मांडले आहेत. काही ठिकाणी दोन लेखकांची मते जुळत नाहीत, तिथे ती जुळवून घेतलेली नाहीत. पुस्तक मराठीत आहे, कारण या विषयावरची हस्तपुस्तके इंग्रजीत लिहिली जातात आणि ज्यांच्यासाठी ती असतात त्यांच्या हातात क्वचितच पडतात. वडोदऱ्यातल्या मराठी कुटुंबांतून या कामात आलेल्या मुलामुलींना, आणि सातपुड्याच्या अलीकडे-पलीकडे महाराष्ट्र-गुजरात सीमेवर काम करणाऱ्या गटांना ते सोपे जावे, अशी इच्छा आहे.

समाजकार्य, परिचर्या, गृहविज्ञान आणि सामुदायिक वैद्यक शिकणाऱ्यांनी हे पुस्तक वाचावे. त्याहून अधिक, अभ्यासाला पैसा देणाऱ्यांनी आणि नैतिकता समित्यांवर बसणाऱ्यांनी वाचावे. पुढच्या वेळी तुमच्यापुढे संशोधनाचा प्रस्ताव येईल, तेव्हा नमुन्याचा आकार पाहून झाल्यावर आणखी चार गोष्टी पाहा: साहाय्यकांचे प्रशिक्षण किती दिवसांचे, त्यांचा पगार कशावर ठरतो, त्यांच्या प्रवासाची आणि निवासाची सोय काय, आणि त्यांची नावे अहवालात कुठे येणार. या चारांची उत्तरे प्रस्तावात नसतील, तर तो परत पाठवा.